सूर्याला कामाला जुंपणारा कारागीर : फ्रँक शूमन

जुन्या गिरण्यांच्या छपरांत, इस्पितळांच्या दारांत किंवा एखाद्या जुन्या लिफ्टच्या दरवाज्यात पोटात तारेची बारीक जाळी असलेली काच आपण पाहिलेली असते. ती तडकली तरी तिचे तुकडे जाळीला धरून राहतात आणि आग लागली तरी ती लगेच कोसळत नाही. वितळलेल्या काचेत अशी जाळी बसविण्याची रीत फ्रँक शूमन या अमेरिकन कारागिराने काढली आणि १८९२ मध्ये तिचे पेटंट घेतले. या काचेने त्याला पैसा मिळवून दिला. पुढे तो पैसा आणि आयुष्यातील उत्तम वर्षे त्याने ज्या कामात घातली, त्या कामाचा जगाला जवळजवळ साठ वर्षे विसर पडला होता. ते काम म्हणजे उन्हावर चालणारे शक्तिकेंद्र.

शूमनचा जन्म २३ जानेवारी १८६२ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. त्याला शालेय शिक्षण फारसे मिळाले नाही. विज्ञानाच्या पदवीधरांनी भरलेल्या आपल्या वर्गांत ही गोष्ट सांगताना थोडा संकोच वाटतो, पण ती खरी आहे. त्याचे शिक्षण कारखान्यांत झाले. रंग तयार करणाऱ्या एका कारखान्यात त्याने रसायने हाताळली, आणि १८९१ मध्ये काकांच्या बोलावण्यावरून तो फिलाडेल्फियाजवळच्या टॅकोनी या वस्तीत आला. काका तेथील लोखंड व धातुकामाच्या कारखान्याचे प्रमुख होते आणि फिलाडेल्फियाच्या नगरभवनाच्या उंच मनोऱ्याचे धातुकाम त्या कारखान्याकडे होते. तेथेच शूमनचा हात तयार झाला. जाळीच्या काचेनंतर फुटूनही न विखुरणाऱ्या काचेवर त्याने काम केले. टॅकोनीत घर बांधले, घराजवळ प्रयोगशाळा उभारली, आणि हाताशी पैसा व वेळ असलेला संशोधक जे करतो तेच त्याने केले : कोणी न सांगितलेल्या प्रश्नामागे तो लागला.

सूर्याच्या उष्णतेने यंत्र चालविण्याची कल्पना त्याची नव्हे. फ्रान्समधील ऑगस्टीन मूशो या गणिताच्या शिक्षकाने १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात प्रचंड आरशाच्या साहाय्याने वाफ करून दाखविली होती आणि त्या उष्णतेवर बर्फही तयार केला होता. त्याच सुमारास, आणि हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे, मुंबईत उच्च न्यायालयाच्या कचेरीत काम करणारा विल्यम ॲडम्स हा इंग्रज अधिकारी सपाट आरशांची अर्धवर्तुळाकार मांडणी करून अडीच अश्वशक्तीचा वाफेचा पंप उन्हावर चालवीत होता. त्याने या विषयावर पुस्तकही लिहिले. कॅलिफोर्नियात ऑब्री ईनियस याने १९०१ मध्ये शहामृग पाळण्याच्या एका ठिकाणी तेहतीस फूट व्यासाचा छत्रीसारखा आरसा उभारून पाणी उपसले. मोठ्या छत्रीला मोठा वारा लागतो, हे मात्र पुढच्या वादळांनी ईनियसला शिकविले.

शूमनने या सर्वांपेक्षा वेगळी वाट धरली. त्याचे म्हणणे साधे होते. मोठमोठे आरसे महाग, नाजूक आणि सूर्यामागे फिरविण्यास अवघड. तेव्हा आरसाच नको. लाकडी पेटी करावी, आतून काळी रंगवावी, वर काच घालावी. दृश्य प्रकाश काचेतून आत जातो, काळ्या पृष्ठभागात शोषला जाऊन त्याची उष्णता होते. त्या तापलेल्या पृष्ठभागातून निघणारे अवरक्त किरण मात्र काचेतून परत सहजी बाहेर पडत नाहीत, आणि आतली गरम हवाही कोंडून राहते. जिनीव्हाच्या सोस्यूरने अठराव्या शतकातच अशा पेटीत पाणी उकळेल इतके तापमान मिळविले होते. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत बसून पाहिले तर हा नियम वेगळा शिकावा लागत नाही.

शूमनने पेटीत पाण्याऐवजी ईथर वापरले. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे आपल्याकडच्या एप्रिलच्या दुपारी ते सावलीतही उकळू पाहील. १८९७ मध्ये त्याने अशा पेटीवर खेळण्यातले इंजिन चालविले. दहा वर्षांनी, १९०७ मध्ये, टॅकोनीतील आवारात सुमारे साठ फूट लांब व अठरा फूट रुंद पेटी बांधली आणि साडेतीन अश्वशक्तीचे इंजिन फिरवून दाखविले. लोकांनी येऊन पाहावे म्हणून त्याने जाहीर आमंत्रण दिले. लोक आले, पाहून गेले. गुंतवणूक करणारे मात्र विचारात पडले, आणि त्यांचे चुकत होते असे म्हणवत नाही.

येथे पदार्थविज्ञानातली एक अडचण आहे. उष्णतेवर चालणाऱ्या कोणत्याही यंत्राला उष्णतेचा किती भाग कामात रूपांतरित करता येईल, हे यंत्रातील गरम बाजू आणि थंड बाजू यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. कार्नो याने हे १८२४ मध्येच सांगून ठेवले होते. ईथर लवकर उकळते ही सोय दिसते, पण लवकर उकळते म्हणजे कमी तापमानाला उकळते, आणि कमी तापमानाच्या वाफेतून थोडेच काम निघते. पेटी स्वस्त झाली, पण तिच्यातून मिळणारी शक्तीही स्वस्तच झाली. शूमनला हे पुस्तकातून कळले की इंजिनाने शिकविले हे सांगता येत नाही. त्याचे पुढचे पाऊल मात्र बरोबर दिशेने पडले.

१९११ मध्ये टॅकोनीतच त्याने नवे केंद्र उभारले. आता ईथर गेले, पाणी आले. पेट्या दुहेरी काचेच्या झाल्या, आणि ज्या आरशांना त्याने पूर्वी नकार दिला होता ते आरसे पेट्यांच्या दोन्ही कडांना तिरपे बसले. त्यांच्यामुळे प्रत्येक पेटीवर सुमारे दुप्पट ऊन पडू लागले. वाफेचा दाब तरीही कमीच होता, म्हणून कमी दाबावर चालणारे इंजिन शूमनने स्वतः तयार केले. वापरलेली वाफ थंड पाण्याने संघनित केली की तेथे निर्वात स्थिती निर्माण होते, आणि वातावरणाच्या दाबाइतकी वाफही मग दट्ट्या ढकलू शकते. या केंद्राने मिनिटाला सुमारे ३,००० गॅलन पाणी ३३ फूट उंच चढविले. फिलाडेल्फियाच्या उन्हात, म्हणजे साधारण चाळीस अंश उत्तर अक्षांशावर, हे घडले ही लक्षात ठेवण्याजोगी बाब आहे.

आता लंडनच्या भांडवलदारांनी लक्ष घातले. पूर्व गोलार्धासाठी वेगळी कंपनी निघाली आणि जागा ठरली इजिप्त. कारण उघड होते. इजिप्तमध्ये ऊन अमाप, नाईलचे पाणी खाली आणि कापसाची शेते वर, आणि कोळसा मात्र जहाजाने इंग्लंडहून आणावा लागे. कैरोच्या दक्षिणेस नाईलकाठी मआदी नावाची नवी वसाहत होती, तेथे केंद्र उभारावे असे ठरले.

भांडवलदारांनी सल्लागार म्हणून ॲकरमन या इंग्रज अभियंत्याला नेमले होते. त्याने आराखडा प्राध्यापक चार्ल्स व्हर्नन बॉइस यांना दाखविला. गुरुत्वाकर्षणाच्या स्थिरांकाचे अतिसूक्ष्म मापन क्वार्ट्झच्या धाग्यांच्या मदतीने करणारे हेच ते बॉइस. त्यांनी सुचविले की पेटी आणि तिच्या बाजूचे सपाट आरसे हा सारा प्रकार सोडावा. त्याऐवजी अन्वस्ताच्या आकाराची लांबच लांब पन्हळ आरशांनी मढवावी आणि बॉयलरची नळी तिच्या नाभिरेषेवर टांगावी. अन्वस्ताचा गुणधर्म आपण अकरावी-बारावीत सिद्ध करतो : अक्षाला समांतर येणारा प्रत्येक किरण परावर्तित होऊन नाभीतूनच जातो. छत्रीच्या आकाराचा आरसा सगळे ऊन एका बिंदूवर आणतो, पन्हळ ते एका रेषेवर आणते. रेषेवरचे तापमान बिंदूइतके चढत नाही हे खरे. पण पन्हळ जमिनीलगत राहते, वाऱ्याला कमी सापडते, आणि तिला एकाच अक्षाभोवती फिरविले की काम भागते. शिवाय बॉयलर पन्हळीच्या मध्यभागी असल्याने त्याच्या दोन्ही बाजूंना ऊन मिळते.

आपल्या यंत्रात बाहेरच्या माणसाने असा मूलगामी बदल सुचवावा, हे कोणत्याही संशोधकाला जड जाते. शूमनने तो स्वीकारला. या सौर बॉयलरचे अमेरिकन पेटंट पुढे १९१७ मध्ये शूमन व बॉइस या दोघांच्या नावे निघाले. माझ्या मते शूमनच्या चरित्रातील ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. आरसा नको म्हणून ज्याने सुरुवात केली, तोच माणूस पाच वर्षांनी आरशांचे शेत लावायला तयार झाला.

मआदीला पाच पन्हळी बसल्या. प्रत्येक सुमारे ६२ मीटर लांब आणि चार मीटर रुंद, उत्तर-दक्षिण मांडलेली. सकाळी तोंड पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला. सूर्यामागे वळण्याची यांत्रिक व्यवस्था आपोआप चाले. मधल्या बॉयलरवर सरळ पडले असते त्याच्या सुमारे साडेचारपट ऊन पडत असे. इंजिन अमेरिकेहून आले. १९१२ मध्ये पहिली चाचणी घेतली तेव्हा फजिती झाली. बॉयलर जस्ताचे होते. ऊन इतके तापवील असा अंदाज नव्हता, आणि जस्त मऊ पडून बॉयलर लोंबू लागले. सौर यंत्र उष्णता कमी पडल्याने फसते असा सर्वांचा अनुभव. हे यंत्र उष्णता जास्त झाल्याने बिघडले. बॉयलर ओतीव लोखंडाचे करून घ्यावे लागले आणि त्यात वर्ष गेले.

जुलै १९१३ मध्ये इजिप्तमधील ब्रिटिश प्रतिनिधी लॉर्ड किचनर आणि इतर बड्या मंडळींसमोर केंद्र चालू झाले. उन्हाच्या वाफेवर पंप मिनिटाला सुमारे ६,००० गॅलन पाणी उपसू लागला. इंजिनाने चांगल्या वेळी पन्नासांहून अधिक अश्वशक्ती दिली. विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा. पाच पन्हळींचे क्षेत्र सुमारे १,२४० चौरस मीटर. भर दुपारी स्वच्छ आकाशातून एका चौरस मीटरवर साधारण १,००० वॅट शक्ती उतरते. म्हणजे बारा लाख वॅट आत आले आणि पंचावन्न अश्वशक्ती धरली तर एकेचाळीस हजार वॅट बाहेर पडले, शंभरातले तीन-साडेतीन. आकडा लहान वाटेल, पण इंधनाचा खर्च शून्य होता आणि हिशेब महाग कोळशाशी होता.

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मआदीच्या केंद्राने वीज निर्माण केली नाही. इंजिनाने सरळ पंप फिरविला. त्याच इंजिनाला पंपाऐवजी जनित्र जोडले असते तर तेच विद्युत्केंद्र झाले असते, कारण चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे फिरले पाहिजे एवढीच जनित्राची अट असते. ते कोण फिरवितो याच्याशी त्याला कर्तव्य नसते. तापलेले पाणी उष्णतारोधक टाकीत साठवून रात्रीही इंजिन चालविता येईल, हा विचारही शूमनने केला होता.

यशानंतर बेत वाढत गेले. किचनरने सुदानात मोठ्या सौर केंद्रासाठी तीस हजार एकरांचा कापसाचा मळा देऊ केला. जर्मन संसदेने आपल्या नैर्ऋत्य आफ्रिकेतील वसाहतीत असे केंद्र उभारण्यासाठी दोन लाख मार्क मंजूर केले. शूमनने तर सहाराचा हिशेब मांडला : वाळवंटातील २०,२५० चौरस मैलांवर आरसे लावले तर सत्तावीस कोटी अश्वशक्ती मिळेल, आणि ती १९०९ साली जगभर खणून काढलेल्या सर्व इंधनाच्या बरोबरीची असेल. आजच्या मापात ही शक्ती सुमारे दोन लाख मेगावॅट होते. भारतातील सौर विद्युत्केंद्रांची एकूण स्थापित क्षमता जानेवारी २०२५ मध्ये एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली, हे पाहिले म्हणजे शूमनला वेडा ठरविणाऱ्यांनी घाई केली असे वाटते.

पण या सुंदर बेतांकडे पाहताना एक प्रश्न आपण विचारायला हवा, कारण आपणही कोणाची तरी वसाहत होतो. सुदानातला मळा किचनरने देऊ केला. सुदानी शेतकऱ्याला कोणी विचारले होते? पाणी उपसायचे ते मुख्यतः कोणाच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसासाठी? आणि जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेत तर त्याआधी दहाच वर्षांपूर्वी हेरेरो आणि नामा लोकांचा संहार झाला होता. नकाशावर जी जमीन रिकामी दिसते ती सहसा रिकामी नसते. शूमन साम्राज्यवादी होता असे मला म्हणायचे नाही. तो यंत्राच्या नादी लागलेला माणूस होता, आणि कोळसा संपल्यावर माणसाचे काय होईल याची त्याला मनापासून चिंता होती. परंतु त्याच्या यंत्राला भांडवल आणि जमीन कोण देत होते, हे विसरून ते यंत्र पुरते समजत नाही.

सगळे बेत ऑगस्ट १९१४ मध्ये एकदम थांबले. पहिले महायुद्ध सुरू झाले. मआदीचे अभियंते युद्धाच्या कामासाठी आपापल्या देशी गेले, केंद्र बंद पडले आणि त्याचे धातूचे भाग मोडीत गेले. जर्मन वसाहत जर्मनीच्या हातून गेली, तेव्हा दोन लाख मार्कांचा प्रश्नच उरला नाही. शूमन अमेरिकेत परतला होता. युद्ध संपलेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. २८ एप्रिल १९१८ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, टॅकोनीत त्याचे निधन झाले.

युद्धाने केंद्र मोडले, पण ते पुन्हा उभे राहिले नाही याचे कारण तेल. इराणात १९०८ मध्ये तेल लागले होते, आणि १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने तेथील तेल कंपनीचे बहुसंख्य भाग विकत घेतले. शूमनचे सारे गणित महाग कोळशाशी स्पर्धा करण्याचे होते. जहाजातून, नळातून वाहणारे स्वस्त तेल त्या गणितात कोठेच नव्हते. त्याचे यंत्र कोणी खोडून काढले नाही. ते केवळ अनावश्यक ठरले.

१९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले आणि जगाला सूर्य आठवला. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात १९८४ पासून १९९० पर्यंत नऊ केंद्रे उभी राहिली, एकूण ३५४ मेगावॅटची. त्यांतील आरसे म्हणजे मआदीच्याच अन्वस्ताकार पन्हळी. फरक एवढाच, की नाभिरेषेवरच्या निर्वात काचनळीतून पाण्याऐवजी विशेष तेल वाहत असे, ते सुमारे ३९० अंशांपर्यंत तापत असे, त्या उष्णतेने पाण्याची उच्च दाबाची वाफ होई आणि ती वाफ टर्बाइन व जनित्र फिरवीत असे. कार्नोचा हिशेब येथे कामी येतो. स्पेनमध्ये पुढे वितळलेल्या क्षारांच्या टाक्यांत उष्णता साठवून सूर्यास्तानंतरही काही तास वीज देण्याची सोय झाली. शूमनच्या गरम पाण्याच्या टाकीचीच ती सुधारलेली आवृत्ती. आपल्याकडे राजस्थानात नोख येथे पन्हळींचे ५० मेगावॅटचे केंद्र २०१३ मध्ये सुरू झाले.

तरीही आज आपल्या छपरांवर दिसते ती शूमनची रीत नव्हे. १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअरसन यांनी सिलिकॉनचा सौरघट तयार केला. त्यात वाफ नाही, इंजिन नाही, फिरणारे काहीच नाही. सिलिकॉनच्या दोन थरांत वेगवेगळी द्रव्ये अत्यल्प प्रमाणात मिसळलेली असतात, त्यामुळे त्यांच्या सीमेवर विद्युत् क्षेत्र तयार होते. प्रकाशाच्या कणाने मोकळा केलेला इलेक्ट्रॉन या क्षेत्रामुळे एकाच दिशेला ढकलला जातो आणि बाहेरच्या तारेतून प्रवाह वाहतो. त्या पहिल्या घटाने उन्हातील सहा टक्के ऊर्जेची वीज केली. आजचे चांगले पत्रे वीस टक्क्यांच्या पुढे आहेत. मआदीच्या आरशांइतक्या क्षेत्रावर ते पसरले तर भर दुपारी अडीच लाख वॅटच्या आसपास वीज मिळेल. पत्रे स्वस्त होत गेले तसा पन्हळींचा विस्तार मंदावला.

आपल्या कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातील पावगड येथे असे पत्रे सुमारे तेरा हजार एकरांवर पसरले आहेत आणि २०१९ च्या अखेरीस त्यांची क्षमता २,०५० मेगावॅट झाली. वारंवार दुष्काळ भोगणाऱ्या त्या तालुक्यात जमीन विकत घेतली गेली नाही. शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतली गेली आणि मालकी त्यांच्याकडेच राहिली. ज्यांच्या नावे जमीन नव्हती, जे तिच्यावर मजुरी करीत किंवा गुरे चारीत, त्यांना भाडे मिळत नाही. सुदानच्या मळ्याबद्दल जो प्रश्न विचारायला हवा होता तो येथे निदान अर्धा तरी विचारला गेला.

मआदी आता कैरोचे गजबजलेले उपनगर आहे. शूमनच्या केंद्राचे तेथे काही उरलेले नाही. तेथून आणखी दक्षिणेला, नाईलच्याच खोऱ्यात, कुरैमात येथे २०११ मध्ये नैसर्गिक वायू आणि ऊन या दोहोंवर चालणारे १४० मेगावॅटचे विद्युत्केंद्र सुरू झाले. त्यातला सुमारे वीस मेगावॅटचा वाटा उन्हाचा आहे, आणि तेथले आरसे उत्तर-दक्षिण मांडलेल्या अन्वस्ताकार पन्हळींचे आहेत. सकाळी त्यांची तोंडे पूर्वेला असतात, संध्याकाळी पश्चिमेला.